थंडीचं वाक्य

नेपाळातल्या पाटणचा न्हुछेमान शाक्य तीस वर्षं परदेशांतून रेडिओवर नेपाळीत बातम्या देत होता. पहिल्यांदा काबूलला निघाला, तेव्हा आईनं रिवाजाप्रमाणे उंबऱ्यावर त्याच्या हातात शकुनाचं अंडं ठेवलं.

"लढाईचं जगाला सांग. मला एवढंच सांग, तिथं थंडी आहे का. ते ऐकलं की मी जेवेन."

त्यानं हसण्यावारी नेलं. पण पहिल्याच बातमीच्या शेवटी तोंडून निघून गेलं, "आज इथं कडाक्याची थंडी आहे." पुढं ती सवयच झाली. रोज संध्याकाळी आई रेडिओ घेऊन चुलीपाशी बसायची. थंडी, ऊन, वारा, काहीतरी कानावर पडलं की मगच ताट ओढायची.

एकदा लंडनच्या कचेरीतले संपादक थापाजी यांनी वेळ पुरेना म्हणून शेवटचं वाक्य कापलं. दुसऱ्या दिवशीही कापलं. तिसऱ्या दिवशी बायकोचा, केशरीचा, फोन आला. "अहो, सासूबाई दोन दिवस उपाशी आहेत. म्हणतात, आवाजाचं काय, तो मेलेल्या माणसाचाही वाजतो!"

न्हुछेमाननं थापाजींना विनवून पाहिलं.

"शाक्यजी, आपण बातम्या देतो, हवामान नाही. आईला पोस्टकार्ड टाका!"

त्या दिवसापासून त्यानं थंडी बातमीच्या पोटातच घातली. निर्वासित आले ते गोठलेल्या नदीवरून, सैनिक बोलले ते शेकोटीला हात शेकत. कात्रीला जागाच उरली नाही. महिन्याभरानं थापाजी म्हणाले, "हल्ली तुमच्या बातम्यांत माणसं दिसतात हो."

निवृत्त होऊन तो घरी आला, तेव्हा आई अठ्ठ्याऐंशीची होती. मुलगा समोर बसलेला असला तरी तिचा रेडिओ सुटला नव्हता. एका संध्याकाळी मेनुका राई नावाची नवी मुलगी कुठल्याशा लढाईची बातमी देत होती. बातमी संपली आणि आईनं ताट दूर सारलं.

"हिनं थंडीचं सांगितलं नाही."

"मां, ती आपली कोण?"

"कुणाची तरी आहे ना? तिची आई बसली असेल अशीच."

चार ठिकाणी विचारून न्हुछेमाननं तिचा नंबर मिळवला आणि फोन लावला. आईनं फोन ओढूनच घेतला. "नानी, माझ्या पोरी, तिथं थंडी आहे का गं?"

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. "आहे, आजी. खूप आहे."

आईनं ताट जवळ घेतलं आणि फोन मुलाकडे दिला. "तिला म्हणावं, रोज सांगत जा. पण शेवटी नको. शेवटचं कापतात."