ताईच्या विहिरीचं पाणी

सांडपाणी शुद्धीकरण केंद्रात तिला सगळे शून्यबाई म्हणायचे. तोंडावर नाही, पण तिला ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर मनातून बरंही वाटायचं. शहरभरच्या मोऱ्यांचं, दवाखान्यांचं, कारखान्यांचं पाणी तिथे यायचं, टाक्यांतल्या जिवाणूंच्या हवाली व्हायचं आणि मग नदीत सोडलं जायचं. सोडण्याआधी त्यात औषधांचे, साबणांचे आणि नव्या नव्या रसायनांचे अंश किती उरलेत, ते ही बाई तपासायची. त्या जिवाणूंची बडदास्त जावयासारखी होती. वेळेवर हवा, वेळेवर खाणं, थंडी पडली की टाकीवर झाकण. ते आलेलं सगळं फस्त करतात अशी साहेबांची फुशारकी होती आणि त्या फुशारकीला आधार शून्यबाईच्या अहवालाच्या कागदाचा होता, ज्यावर बहुधा शून्यच असायचं.

आता तपासणीच्या यंत्राचं कसं असतं, त्याला आधी स्वच्छ पाणी पाजावं लागतं आणि सांगावं लागतं, की बाबा रे, हे शून्य. त्यानंतरचं सगळं ते त्याच्याशी ताडून बघतं आणि जास्तीचं असेल तेवढंच दाखवतं. तिला काम शिकवणारा म्हातारा केमिस्ट म्हणायचा, बाटलीतल्या विकतच्या पाण्यापेक्षा जमिनीतलं चांगलं पाणी घ्यावं, त्यात क्षार असतात, तुलना सरळ होते. पण चांगलं पाणी आणायचं कुठून? तिच्या थोरल्या बहिणीच्या दारात विहीर होती, पूल ओलांडून नदीकाठाने खाली, तासाभराच्या वाटेवर. काचेसारखं नितळ पाणी, चवीला गोड, जंतूंच्या तपासणीत पहिला नंबर. दर रविवारी धाकटी ताईकडे जायची, गप्पा मारायची आणि येताना कॅन भरून आणायची. सोमवारी ते गाळून यंत्राला पाजायची.

ताईला याचा केवढा अभिमान. माझी बहीण सरकारी यंत्रात आमचंच पाणी घालते, म्हणून ती आल्यागेल्याला सांगायची. गल्लीतल्या बायका आपापले नळ सोडून तिच्या विहिरीवर येऊ लागल्या. पुढे नळ महिनोन् महिने कोरडे राहू लागले, पण कुणी तक्रारसुद्धा केली नाही. विहीर होती ना.

मग एका रविवारी नदीवरचा पूल दुरुस्तीसाठी बंद झाला आणि कॅन आला नाही. सोमवारी तिने नाइलाजाने कपाटातली सीलबंद शुद्ध पाण्याची बाटली फोडली. यंत्राने नदीत सोडायच्या पाण्याचा आलेख काढला, तर एका जागी भलामोठा उंचवटा. ती वैतागली. यंत्र घाण झालं असेल म्हणून तिने ते धुतलं, पुन्हा लावलं. उंचवटा तिथेच. तीनदा धुतलं. शहरातून येणारं पाणी लावलं, त्यातही तो, तेवढाच. म्हणजे जिवाणूंनी त्याला तोंडही लावलं नव्हतं. ती जागा तिने रसायनांच्या यादीत बघितली. कपड्यांवर पाणी ठरू नये, तव्यांना काही चिकटू नये म्हणून लेप देतात, त्यातलं रसायन. अकरा वर्षं तिच्या कागदावर त्याच्यापुढे लिहिलेलं होतं, आढळलं नाही.

कोपऱ्यात मागच्या आठवड्याच्या कॅनचा तळ उरला होता. तिने तेही पाणी लावलं. तोच उंचवटा, केसभर कमी.

नदीत ते रसायन जात होतं, नदीतून विहिरीत झिरपत होतं, विहिरीतून कॅनमध्ये आणि कॅनमधून यंत्रात. आणि ती यंत्राला सांगत होती, हे शून्य. एवढी शिकलेली बाई, एकदा तरी ती बाटली फोडून बघावी! पण ताईच्या विहिरीवर संशय घ्यायचा हे तिच्या मनात आलंच नव्हतं.

साहेबांनी ऐकून घेतलं. उद्यापासून बाटली वापरा म्हणाले, जुने कागद जुने झाले. तिने विचारलं, काढायचं कसं ते? कोळशाच्या गाळणीत ते अडकतं, साहेब म्हणाले, पण अडकतं म्हणजे मरत नाही. तो कोळसा टाकायचा कुठे? जाळायचा तर तेवढी तापणारी भट्टी आपल्याकडे नाही. एवढं बोलून त्यांनीही हात टेकले.

पूल सुरू झाल्यावर ती ताईकडे गेली, आणि या खेपेला कॅन नेला नाही. ताई दारातच कडधान्य निवडत बसली होती. तिच्या गळ्याची गाठ तीन वर्षांपासूनची, रोज सकाळी एक गोळी. ती पाण्यामुळे झाली का, हे कुणी डॉक्टर सांगू शकणार नव्हता, आणि नाही झाली असंही कुणी म्हणू शकणार नव्हता. धाकटीने सगळं सांगितलं, काही न लपवता, आपली चूक आधी. विहिरीवर दोघी शेजारणी घागरी भरत होत्या, म्हणून आवाज खाली ठेवून.

ताईने निवडणं थांबवलं नाही. "उकळून प्यायलं तर जाईल?"

"नाही जात."

"गाळून?"

"साध्या गाळण्याने नाही. ताई, ते तुटतच नाही. तोच तर त्याचा गुण आहे."

"अंगात गेलेलं?"

"राहतं. वर्षानुवर्षं."

ताईने बाहेर बघितलं. शेजारणींतली एक हसून काहीतरी म्हणाली, ताईनेही हात हलवला. "यांना मी बोलावलं," ती म्हणाली. "तुझं नाव सांगून."

धाकटी रडायला लागली. तिला वाटत होतं ताईने चिडावं, चार शब्द सुनवावेत, घरातून घालवावं. ताईने तसलं काही केलं नाही. तिने विचारलं, "माझ्यात किती साठलंय ते तुझ्या यंत्राला कळेल का गं?"

"कळेल. थोडं रक्त घ्यावं लागेल."

"मग नको घेऊस," ताई म्हणाली. "आणि या बायकांना आज सांगू नकोस. मला आधी ठरवू दे, त्यांना पाजायचं काय ते."

ते काही ठरण्यासारखं नव्हतं, हे दोघींनाही कळत होतं. नळाला पाणी नव्हतं आणि दुसरी विहीर नव्हती. ताई उन्हात बसून दमली होती. ती उठून आत गेली, माठातून त्याच विहिरीच्या पाण्याचं भांडं भरून घेतलं आणि घटाघटा प्यायली.