शेळीच्या गाण्यातली मोकळी जागा

एव्हर्टन फेसीला मे पेन गावात कोणी एव्हर्टन म्हणत नाही. सगळे त्याला सर्जन म्हणतात, आणि तोही हाक ऐकून अशा थाटात वळतो, जणू आत्ताच कुणाचं तरी पोट शिवून हात धुतलेत. दिवसा तो बाजारामागच्या गल्लीत लोकांच्या गाड्यांना स्पीकर बसवून देतो आणि आठवड्यातून दोन रात्री स्वतःचा साउंड, म्हणजे स्पीकरांची भिंत, लावून गावाला नाचवतो. नाव पडलं ते कापाकापीवरून. गाण्यात शिवी आली की त्याचा डावा हात आवाजाची दांडी खाली ओढतो आणि शिवी सरली की वर ढकलतो. अलीकडचं अक्षर शाबूत, पलीकडचं शाबूत, मधली शिवी बेपत्ता. चार हजार गाण्यांत कुठे काय दडलंय हे त्याला पाठ आहे. स्वतःच्या आईचा वाढदिवस पाठ नाही.

ही विद्या त्याने हौसेने कमावलेली नाही. विशीत एकदा भर मैदानात एक गाणं न कापता सुटलं आणि पोलिसांनी त्याला मानगूट धरून स्टेजवरून उतरवलं. चारचौघांत शिवी दिली की आमच्याकडे दंड होतो. म्हणून कोणी शिव्या देत नाही असं समजू नका. पोलीस दिसेपर्यंत देतात. आणि शिवी तरी काय, तर एक कापड, बायकांच्या त्या चार दिवसांतलं! जगभरची माणसं चिडली की आईबहिणीवर जातात, आमची मंडळी कापडावर येतात.

तर अशा या सर्जनला मुलगी झाली, अकीलिया, आणि त्याने पहिल्याच दिवशी जाहीर केलं, “माझ्या पोरीच्या कानात प्लास्टिक जाणार नाही.” प्लास्टिक म्हणजे बालगीतं. हसरी अस्वलं, दात घासणारे ससे, आकडे मोजणारी बदकं. असली गाणी ऐकून वाढलेली पोरं पुढे सरकारी कचेरीत बसून लोकांना उद्या या म्हणतात, असं त्याचं ठाम मत होतं. तीन महिन्यांच्या अकीलियाला त्याने कपाटाएवढ्या स्पीकरसमोर धरलं, तेव्हा ती रडायची थांबली. घाबरून थांबली असेल बिचारी. पण हा गावभर सांगत सुटला, की माझ्या लेकीला बेस कळतो.

पोरगी चार वर्षांची असताना तिची आई नॅडीन कॅनडात हॅमिल्टनला गेली, तिथल्या म्हाताऱ्यांची उस्तवार करायला. एव्हर्टनचं आणि तिचं लग्न झालेलं नव्हतं आणि आता जमतही नव्हतं, त्यामुळे अकीलिया राहिली नॅडीनच्या आईकडे, मिस इनेझकडे. मिस इनेझ नदीकाठच्या पिवळ्या चर्चमधली मोठी सेविका. पांढरी हॅट, पांढरे हातमोजे, इस्त्रीची घडी अशी की हात लावला तर कापेल. नाकाने कांदे सोलण्यात अख्ख्या क्लॅरेंडन परगण्यात तिला तोड नव्हती. तिने एव्हर्टनला फाटकाबाहेर उभं करून अटी सांगितल्या.

“शनिवार तुझा. सकाळी नऊ ते संध्याकाळी सात. आणि कान उघडे ठेवून ऐक. तुझ्या त्या खोक्यांतला एक शब्द जरी पोरीच्या तोंडून माझ्या घरात आला, तर शनिवार विसरायचा.”

“मिस इनेझ, मला लोक सर्जन म्हणतात.”

“तू कसला सर्जन आहेस ते मला नॅडीन पोटुशी राहिली तेव्हाच कळलं.”

एव्हर्टन हे गिळून घरी आला. बाहेर कितीही मिरवो, आठवड्याचे सहा दिवस तो सातव्याकडे डोळे लावून काढी. शनिवारी सकाळी पोरगी गाडीत बसून पट्टा लावायची, त्या टक् आवाजाने त्याच्या जिवात जीव यायचा. तो शनिवार गेला तर आपल्याकडे काय उरतं, याचा हिशोब त्याने कधी केला नाही, कारण त्याला तो करायची भीती वाटे.

आणि संकट आलंच. एका बुधवारी अकीलियाच्या ताटातला डंपलिंग जमिनीवर पडला आणि पोरीने स्वच्छ, खणखणीत आवाजात कापडाचा उद्धार केला. आता हा शब्द तिने उचलला होता शाळेतून आणणाऱ्या टॅक्सीवाल्याकडून. तो तर सिग्नल लागला तरी कापड काढतो. पण मिस इनेझ टॅक्सीवाल्याला काय म्हणणार? तो चर्चचा होता. तिने फोन लावला एव्हर्टनला.

“ही पहिली वेळ. दुसरी येणार नाही, कारण दुसरीला तू नसशील.”

दुधाने तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो, तसा एव्हर्टन त्यानंतर गाणी लावू लागला. शनिवारी पोरगी स्टुलावर बसायची, तो तबकडी लावायचा, आणि डावा हात दांडीवरून हलायचा नाही. पाणी प्यायचं तरी उजव्या हाताने. कापणी मात्र फक्त कापडाची. बाकी सगळं पोरीच्या कानांना खुलं होतं. कोणी कोणाला गोळ्या घालतोय, कोणी शेजाऱ्याची बायको पळवतोय, कोणी एका बाईच्या कमरेखालच्या भागावर चार कडवी रचतोय, यातलं काहीही कापलं जात नसे, कारण त्यात शिवी नव्हती.

“डॅडी, त्याने सहा माणसांना का मारलं?”

“तालासाठी, बेबी.”

मिस इनेझचीही याला हरकत नव्हती. तिच्या भजनांत शत्रू हजारांनी बुडून मरायचे, मग सहा जणांचं तिला काय वाटणार?

अकीलियाचं लाडकं गाणं शेळीचं होतं. तीस-बत्तीस वर्षांपूर्वीचं, जुन्या डान्सांतलं, म्हणजे मैदानातल्या नाचरात्रींतलं. एका गरिबाची शेळी चोरीला जाते आणि तो गावभर विचारत फिरतो, ‘माझी शेळी कोणी खाल्ली? सांगा, कोणी खाल्ली?’ प्रत्येक ‘खाल्ली’नंतर एक कापड. एव्हर्टनने ते इतकं नाजूक कापलं होतं, की पोरगी तिथे श्वास घेऊन पुढे जायची. गाणं असंच असतं, अशी तिची समजूत होती. घरी भांडी पुसतानाही ती ते म्हणे आणि मिस इनेझ चक्क मान डोलवायची. “शेळीचं काहीतरी शिकवलंय वाटतं. बरंय. जनावरांवर दया असावी.”

ऑगस्टच्या सुट्टीला चर्चच्या मैदानावर मेळा होता. पोरांना उड्या मारायला हवेचा किल्ला, मोठ्यांना कोंबडी आणि मटण, आणि सगळ्यांना कानभर गॉस्पेल, म्हणजे देवाची गाणी. पण गॉस्पेल लावणाऱ्याचं यंत्र आदल्या दिवशी जळालं आणि पास्टर वेदरबर्न स्वतः एव्हर्टनच्या दुकानी आले.

“ब्रदर फेसी, देवाने तुझ्याकडे बोट दाखवलंय.”

“मिस इनेझने काय दाखवलंय?”

“ती म्हणते, फक्त गॉस्पेल.”

एव्हर्टनला वाटलं, डाग धुऊन काढायची हीच वेळ. तो भल्या पहाटे जाऊन साउंड उभा करून आला, शर्टाचं वरचं बटण लावलं आणि सलग तीन तास एकामागून एक भक्तिगीतं लावली. माणसं जेवली, पेंगली, एकमेकांच्या खांद्यावर कलंडली. मिस इनेझ त्याच्या टेबलापासून दहा हातांवर, करी केलेल्या मटणाच्या पातेल्यामागे, पळी घेऊन उभी होती. दोनदा तिने त्याच्याकडे पाहिलं आणि दोन्ही वेळा तिच्या चेहऱ्यावर आठी नव्हती. एव्हर्टनची छाती फुगली.

इतक्यात अकीलिया किल्ल्यावरून घामाघूम होऊन आली आणि सगळ्यांसमोर म्हणाली, “डॅडी, शेळीचं लाव ना.”

“आज नाही, बेबी.”

“पण मी चांगली वागलेय!”

पास्टर शेजारीच कोंबडीची तंगडी सोलत होते. “शेळीचं? मुलांचं गाणं आहे का? मग लाव की, ब्रदर फेसी. लेकरं कंटाळलीयत.”

शहाण्या माणसाने इथे यंत्र बिघडल्याचं सोंग केलं असतं. पण एव्हर्टनला आपल्या डाव्या हाताचा गर्व होता. दोन वर्षांत एकदाही चुकलेला नाही हा हात, आज चर्चसमोर चालवून दाखवू, मिस इनेझच्या डोळ्यांदेखत. त्याने तबकडी लावली.

बेस सुरू झाला आणि पेंगणारी डोकी एकेक करून वर आली. ‘माझी शेळी कोणी खाल्ली’ आलं. एव्हर्टनने दांडी ओढली. इतकी सफाईदार त्याने आयुष्यात ओढली नव्हती.

आणि त्या मोकळ्या जागेत अख्ख्या मैदानाने शिवी हासडली.

दोनशे गळे, एक ताल, एक सूर. रविवारच्या प्रार्थनेत यांचे सूर कधी जुळत नाहीत, पण इथे कोणी अर्ध्या मात्रेनेही मागे राहिलं नाही. कारण डान्समध्ये आवाज ओढला, की पुढचा शब्द लोकांचा, हे आमच्याकडे शेंबडं पोरही जाणतं. वीस वर्षं एव्हर्टननेच या माणसांना ते वळण लावलं होतं. घरी स्टुलावर एकटी पोरगी असायची म्हणून ती जागा रिकामी राहत होती, आणि हा मूर्ख समजत होता की आपण शिवी कापतोय. तो तर मैदानाला आवतण देत होता.

सगळ्यांत मोठा आवाज दहा हातांवरून आला होता. पळी वर, मान मागे, डोळे मिटलेले. मिस इनेझ!

एव्हर्टनची पाचावर धारण बसली. चार ठोक्यांनी पुढचं कापड येणार होतं. दांडी ओढली तर लोक म्हणणार, नाही ओढली तर तबकडी म्हणणार. त्याने घाईघाईने तबकडीच थांबवली. पण डान्समध्ये गाणं मध्येच थांबवणं म्हणजे ‘आवडलं ना? पुन्हा पहिल्यापासून घेऊ’ असं सांगणं. झालं! मैदान टेबलं बडवू लागलं. चर्चच्या खजिनदार सिस्टर पर्लीन पातेल्याचं झाकण वाजवत किंचाळल्या, “पुन्हा, सर्जन, पुन्हा!”

मग हळूहळू एकेकाला आपण कुठे आहोत ते आठवलं. झाकण थांबलं. पास्टरांनी सॉसने माखलेल्या हातात माइक घेतला. “आपण... प्रार्थना करूया.” दोनशे माना खाली गेल्या. बऱ्याच जणांचे खांदे हलत होते, आणि पास्टरांचेही.

आमेन होताच मिस इनेझ टेबलाशी आली. “तू मला सगळ्यांसमोर उघडं पाडलंस.”

“मी तर आवाज बंद केला होता, मिस इनेझ!”

“तेच म्हणतेय मी! बंद कशाला केलास?”

अकीलिया दोघांच्या मध्ये उभी होती. “ग्रॅनी, तिथे शब्द असतो?”

मिस इनेझने पोरीचा हात धरला, हॅट सरळ केली आणि जाता जाता पाठमोरीच म्हणाली, “शनिवार बंद.”

स्वतः बोंब मारायची आणि फाशी दुसऱ्याला द्यायची, हा न्याय आमच्या चर्चमध्ये जुना आहे. गावात मात्र सर्जनचा भाव वधारला. लोक दुकानात येऊन पाठ थोपटत, “चर्चला नाचवलंस, लेका!” एव्हर्टन हसायचा आणि ते गेले की स्क्रूड्रायव्हर हातात धरून नुसता बसायचा. तीनदा त्याने मिस इनेझला फोन लावला, तीनदा तिने उचलला नाही. हॅमिल्टनला नॅडीनला फोन करावा, तर सांगायचं काय? तुझी आई मैदानात काय ओरडली ते? त्या आठवड्यात तो नीट जेवला नाही.

शनिवारी तो तरीही गेला. पाया पडू, रडू, गाणी सोडून देतो म्हणू, असं ठरवून गेला. तर फाटकाशी अकीलिया वेण्या घालून, पिशवी घेऊन तयार उभी. मिस इनेझ पायरीवर वाटाणे सोलत होती. तिने वर पाहिलं नाही.

“सातला आण. नदीवर नेऊ नकोस, केस भिजतात.”

एव्हर्टनने काही विचारलं नाही. मिळतंय ते घ्यावं आणि पळावं. गाडी बाजारापर्यंत आली तेव्हा अकीलिया म्हणाली, “डॅडी, शेळी जिवंत आहे.”

“कोणती?”

“गाण्यातली. तिसऱ्या कडव्यात सापडते. फौजदाराच्या परसात त्याची विजार खात असते.”

एव्हर्टनने एकदम तिच्याकडे पाहिलं. तिसऱ्या कडव्यात ओळीओळीला कापड होतं. ते कापून काही उरत नाही, म्हणून तो नेहमी दुसऱ्यावरच गाणं उतरवायचा. शेळीचं काय झालं याचा घोर पोरीला दोन वर्षं लागून राहिला असेल, हे त्याच्या डोक्यातही आलं नव्हतं.

“तुला कोणी सांगितलं?”

“शनिवारसाठी आणि शेळीसाठी मी खूप रडले, तेव्हा ग्रॅनीने म्हणून दाखवलं. दार लावून. सगळं.”

“सगळं म्हणजे?”

“सगळं. ती मध्ये थांबत नाही. थांबलं की ताल जातो म्हणाली.”

एव्हर्टनला आधी राग आला आणि मग चक्क हेवा वाटला. लेकीला पहिलं अख्खं गाणं ऐकवायचा मान त्या पांढऱ्या हॅटने पळवला होता. आता मिस इनेझचा शब्द तिच्याच घशात घालतो, नॅडीनला सांगतो, असं त्याच्या मनात येतंय तोच पोरगी ओठावर बोट ठेवून म्हणाली, “पण तुला सांगायचं नव्हतं. ग्रॅनी म्हणाली, डॅडीला असलं चालत नाही. त्याला कळलं तर तो तुला घेऊन जाईल आणि परत आणणार नाही. मग ती रडली.”

एव्हर्टनने गाडी कडेला घेतली. दोन वर्षं तो समजत होता, की भीती आपल्या एकट्यालाच आहे. पोरगी गेली तर त्या इस्त्रीच्या घडीत काय उरणार, हे त्याने कधी मनात आणलं नव्हतं. त्याला स्वतःची लाज वाटली.

“नेशील मला?” अकीलियाने विचारलं.

“नाही. सातला सोडणार, नेहमीसारखं.”

“आणि मी सांगितलं ते तिला सांगशील?”

“मला तर तू काहीच सांगितलं नाहीस.”

पोरीने जरा विचार केला. “मग गाऊ? पहिल्यापासून?”

“गा,” एव्हर्टन म्हणाला, आणि त्याने गाडीच्या चारही काचा वर घेतल्या.