धोंडूबाईचं तोंड

नावड्याच्या चांगदेवचा धंदा पुतळ्यांचा. घरातलं म्हातारं माणूस गेलं की मुलं बंगल्याच्या गेटजवळ त्याचा फायबरचा अर्धपुतळा बसवतात, आणि ते काम चांगदेवकडेच येतं. माणूस कलाकार, पण आळस बघा, बायकांसाठी त्याच्याकडे एकच साचा! हसरा, गोड, अगदी देवीचा. त्यामुळे पंचक्रोशीत वारलेल्या साऱ्या आया एकमेकींच्या जुळ्या बहिणी. एका भाच्यानं तर शेजारणीच्या पुतळ्यालाच मावशी समजून दिवा लावला आणि पोटभर रडूनही घेतलं. कुणाचं काही अडलं नाही. डाचायचं ते चांगदेवलाच. 'छान झालाय' सगळे म्हणत, पण पुतळा पाहून आपलं माणूस ओळखणारा आजवर एकही जण त्याला भेटला नव्हता.

मग मासळीबाजारातली धोंडूबाई गेली. तिच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला की गिऱ्हाईक भाव न करता पैसे टाकून पळायचं. तिचा मुलगा प्रितम मोबाइलवर गोरा केलेला फोटो घेऊन आला. "काका, आय मस्त हसरी पायजे. बाकी काय टेन्शन नाय."

चांगदेवनं साचा काढला, पण हात चालेना. जिच्या शिव्या जन्मभर खाल्ल्या, तिला हसरी करायची? छे! त्यानं साचा सरकवून दिला आणि माती मळायला घेतली.

अनावरणाला सगळा गाव लोटला. बँजो वाजला, प्रितमनं कापड ओढलं. एक भुवई वर, ओठ आवळलेले, आता तोंड उघडणार असा अवतार. बँजोवाले आपोआप थांबले. पुढच्या बायका मागे सरकल्या. शेजारचा मितेश उठला आणि गेटसमोर लावलेली आपली गाडी मुकाट्यानं काढून आला.

प्रितम तापला. "काका, ये काय केलंत? पावन्यांसमोर इज्जत घालवली. तोंड बदला, नायतर आत्ताच टेम्पोत घाला."

चांगदेव टेम्पोकडे वळला. आयुष्यात एकदा खरं काम केलं, आणि तेच परत न्यायचं.

तेवढ्यात धोंडूबाईचा नवरा हिरामण विडी ओढत पुढे आला. बायको गेली तरी म्हाताऱ्याच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं. सुटला बिचारा, असंच गाव म्हणत होता. त्यानं मान वर करून पुतळ्याकडे पाहिलं आणि घाईघाईनं विडी चपलेखाली चिरडली.

"इझवली गो," तो म्हणाला. "बघ, इझवली."

मग जमिनीवर बसकण मारून तो ढसाढसा रडला. प्रितमनं हातातलं कापड बापाच्या खांद्यावर टाकलं आणि टेम्पोवाल्याला जायची खूण केली.

बऱ्याच वेळानं म्हाताऱ्यानं नाक पुसलं आणि चांगदेवकडे वळून विचारलं, "चांगदेवा, सगली तीच केलीस रं. मंग ही बोलत का नाय?"

 चांगदेव हिरामणच्या शेजारी खाली बसला, आणि दोघंही तिच्याकडे बघत राहिले.