एकटीची सही पुरत होती

महानंदाआत्या दवाखान्यात कुणाला हाक मारते तेव्हा जिचं ते नाव नाही ती बाईसुद्धा उठून उभी राहते. आवाज नाकातून निघतो, शेवटच्या अक्षराला वर टांगून राहतो. ‘सोजरबाई कोण हाय गंऽऽ?’ मी घरी ही हाक मारली की आजोबा पेपर खाली ठेवतात आणि आत्या लाटणं उचलते.

आम्ही शुक्रवार पेठेत राहतो. आत्याचा दवाखाना म्हणजे बायकांचं एक खाजगी हॉस्पिटल. तिथं ती मावशी, म्हणजे आया आहे, माझ्या जन्माच्या आधीपासून. मोठे डॉक्टर गेले, त्यांच्या सूनबाई देवयानी मॅडम आल्या, फरशा बदलल्या. दारातलं आत्याचं स्टूल तेवढं राहिलं. आत्याचा नवरा लग्नानंतर तिसऱ्या वर्षी बार्शीला दुसरा संसार मांडून बसला. तेव्हापासून गॅसपासून मुलाच्या कॉलेजपर्यंत सगळीकडे तिने एकटीनेच सह्या केल्या.

आणि तीच आत्या गर्भपातासाठी आलेल्या बाईला पहिला प्रश्न विचारायची, ‘मालक कुटं हायत?’ बाई एकटी असली की पुढचं वाक्य ठरलेलं: जावा, घेऊन या, त्येंच्या सहीबिगर मॅडम हात लावत न्हाईत. फार पूर्वी घरी न सांगता मोकळ्या झालेल्या एका बाईच्या नवऱ्याने आणि दिरांनी येऊन दवाखान्याची काच फोडली होती. मोठ्या डॉक्टरांनी तेव्हा घातलेली रीत. काच दुसऱ्या दिवशी बसली, रीत कायमची.

चंद्रिका आमच्या मागच्या गल्लीतली. शाळेचे युनिफॉर्म शिवायच्या कारखान्यात मशीनवर होती आणि हात इतका साफ की शेठ तिला कटिंगच्या टेबलावर घेणार होता. तिथं तोवर सगळे पुरुषच. दोन मुली, घरात सासू, आणि तांबी बसवलेली असून दिवस गेले. जेवणाच्या सुट्टीत ती दवाखान्यात आली तेव्हा तिच्या केसांत निळ्या दोऱ्याचे तुकडे अडकले होते, हे आत्याला अजून आठवतं.

तिने आत्याला बाजूला घेतलं. घरी न सांगता होईल का, एवढंच विचारलं. म्हणाली, आता तिसरं झालं तर कटिंगचं टेबल गेलंच समजा.

आत्या म्हणाली, “न्हाय बाई. मालकाची सही लागतीच. कायदाच तसा हाय.”

कायदा हा शब्द आत्याने तिथं स्वतःच्या मनाने जोडला. दवाखान्यात कुणी तसं म्हटलं नव्हतं. पण तो उच्चारला की बायका वाद घालत नाहीत, हे तिला ठाऊक होतं.

चंद्रिकाने वाद घातला नाही. घरी जाऊन बसवराजला सांगितलं. बसवराज वाईट माणूस नाही. पॉवरलूमवर काम करतो, यंत्राच्या खडखडाटात बोलून बोलून घरातही ओरडूनच बोलतो, आणि प्रत्येक वाक्याला शेपटीसारखा ‘की’ लावतो. होऊ दे की, दोनाचे तीन, त्यात काय की, मी हाय की. सकाळपर्यंत सासूला कळलं, दुपारपर्यंत गल्लीला. सासूने पेढे वाटले. त्यातला एक आत्याने खाल्ला. सगळ्यांना कळल्यावर सही मागायची तरी कुणाकडे? चंद्रिका परत आली नाही.

मुलगा झाला. कटिंगचं टेबल वैजयंती नावाच्या दुसऱ्या मुलीला मिळालं. चंद्रिका घरी शर्टांना बटणं लावू लागली. कुणी विषय काढलाच तर ती म्हणायची, कायदाच तसा होता, काय करणार.

मग गेल्या वर्षी आरोग्य खात्याचं एक प्रशिक्षण झालं, खाजगी दवाखान्यांतल्या मावशींनाही बोलावलं होतं. सांगायला एक उदयसिंह सर होते. घसा खाकरल्याशिवाय त्यांना पुढचं वाक्य सुचायचं नाही. आत्याने घरी येऊन त्यांची नक्कल केली असती तर नकलांचं माझं काम पुढे उरलं नसतं. पण त्या दिवशी तिने केली नाही. सर म्हणाले होते, बाई अठरा वर्षांपुढची असेल तर गर्भपाताला तिची एकटीची सही पुरे, आणि तिचं नाव बाहेर जाता कामा नये. आत्याने हात वर केला. आन् मालकाची? सर म्हणाले, “मालकाची लागत नाही, मावशी. कायदा आला तेव्हापासूनच लागत नाही. एकाहत्तर सालापासून.”

आत्याचा जन्म चौऱ्याहत्तरचा.

तिने देवयानी मॅडमना विचारलं. मॅडम डोळ्यात औषधाचे थेंब घालावेत तशा जपून बोलतात. लागत नाही, माहितीय मला मावशी, पण उगाच मागाहून भांडणं नकोत ना.

आत्याचं जेवणावरचं मन उडालं. चंद्रिकाला सांगायचं असं तिने ठरवलं. बाबांनी विरोध केला, झालं ते झालं म्हणाले. ती ऐकणारी नव्हे. अर्धा डझन केळी घेऊन गेली.

चंद्रिका बटणं लावत होती, पोरगं शेजारी. आत्याने सगळं सांगितलं. चंद्रिकाने दातांनी दोरा तोडला.

“म्हंजे त्या दिवशी मी एकटीनं सही केली असती तर झालं असतं?”

“व्हय.”

“आन् ह्यांना सांगायचंबी न्हवतं?”

“न्हवतं.”

पोराने बटण तोंडात घातलं होतं. चंद्रिकाने ते बोट घालून काढलं, पदराला पुसलं आणि शर्टाला लावायला घेतलं.

“मावशी, कायदाच हाय म्हटल्यावर मी कुणावर रागावले न्हाय. आता कुणावर रागवू? ह्यांच्यावर, का तुमच्यावर? आन् ह्या पोराकडं बघताना मनात काय येऊ देऊ?” शर्ट बाजूला ठेवत ती म्हणाली, “तुमचं मन हलकं झालं. बरं झालं. चहा ठेवते.”

आत्या चहा पिऊन आली. केळी तिथंच राहिली, एवढंच सांगितलं.

आता दारात ती मालकांचा प्रश्न विचारत नाही, बाईला सरळ आत सोडते. आत मॅडम विचारतातच. मग एखादी बाई परत निघाली की आत्या जिन्यापर्यंत मागे जाते आणि हळू आवाजात, जो आवाज मला अजून जमलेला नाही, सरकारी दवाखान्यात जा म्हणून सांगते. तिथं एकटीच्या सहीवर होतं, असं तिने स्वतः जाऊन विचारून घेतलंय.

चंद्रिका वाटेत भेटली की दोघी थांबतात. पोराचा खोकला, मुलींची शाळा, एवढं बोलतात. गेल्या आठवड्यात आत्या त्या युनिफॉर्मच्या कारखान्यात जाऊन शेठला भेटली. चंद्रिकासाठी कटिंगला जागा आहे का, म्हणून. शेठ म्हणाला, लहान पोर आहे तिला, तिच्याच्यानं आता नाही व्हायचं.

हे मात्र आत्याने चंद्रिकाला सांगितलेलं नाही.