वर्दीला पदर नव्हता

आईच्या पदराला कायम गाठी असायच्या. एक मोटर बंद करायची, एक गॅसचा नंबर लावायची, एक मला शाळेतून आणायची. गाठ हाताला लागली की काम आठवायचं. वस्तीवरच्या बाया चिडवायच्या, "पदर हाय का मिरच्यांची माळ?" आई हसायची. मी मान खाली घालायचे.

पुढं ती रांजणगावला एका कंपनीत पॅकिंगला लागली. तिथं साडी चालत नाही. पॅन्ट, शर्ट, टोपी. गाठ मारायची कुठं? खोक्यात माहितीचा कागद टाकायचं ती विसरू लागली. सुपरवायझरनं बजावलं, "मावशी, परत असं झालं तर घरी बसायचं."

त्याच सुमारास शिरूरच्या डॉक्टरीणबाईंनी मला एडीएचडी असल्याचं सांगितलं. चुकलेल्या एसट्या, अर्धवट सोडलेली पुस्तकं, दुसऱ्याचं बोलणं मध्येच तोडणं, सगळ्याचं मूळ एकच. "हा आळस नाही," त्या म्हणाल्या. "लक्ष हवं तिथं धरून ठेवणं तुला जड जातं. पुष्कळदा घरात अजून कुणाला तरी असतं."

"आमच्यात न्हाई कुणाला," आई झटकन म्हणाली. तिचा हात पदर चाचपत होता.

आठवड्याभरात पुन्हा कागद राहिला. मी कामगार संघटनेची पत्रकं वाचत आणि वाटत वाढलेली. आईच्या कंपनीच्या गेटवरही घोषणा दिलेल्या. शिफ्ट सुटताना सगळ्यांसमोर सुपरवायझरला गाठलं. "ती कामचुकार नाही. तिला एडीएचडी आहे. तिला आठवणीला काहीतरी खूण लावू द्या!"

तिला कुणी तपासलं होतं? मीच ठरवून टाकलं. आणि मला आहे, हे मात्र बोलले नाही.

"मावशी, डोक्यातला कागद टाकायचा राहिला व्हय?" एक बाई म्हणाली. सगळ्या हसल्या. सुपरवायझरनं आईला पॅकिंगवरून काढून खोकी घडी करायला बसवलं. नोकरी राहिली.

घरी आई म्हणाली, "तुझं न्हाई सांगितलंस, ते बरं केलंस. लगीन व्हायचंय तुझं."

ती रागावली असती तर मला सोसलं असतं.

सकाळी कंपनीच्या बसची वाट बघताना तिनं माझ्या ओढणीला गाठ मारली. "डॉक्टरीणबाईंची गोळी घ्यायची आठवण." समोरून माझ्याबरोबर पत्रकं वाटणाऱ्या मैत्रिणी आल्या. मी गाठ मुठीत झाकली. आईनं ते पाहिलं, आणि ती बसमध्ये चढली.