पागोट्यावरची चर्चा

आमच्या फिल्म क्लबमध्ये रविवारी सकाळी सिनेमा दाखवतात आणि मग चर्चा होते. त्या चर्चेचा मला कायमच वैताग येतो. या रविवारचा सिनेमा संस्थानी काळातला होता. एका खोलीत राहणारे दोन कारकून. दोन तासांत ते एकमेकांशी प्रेमाचा एक शब्द बोलत नाहीत. फक्त एकदा, दरबाराला निघताना, एक जण दुसऱ्याला पागोटं बांधून देतो आणि त्याचा हात कानाशी जरा जास्तच थांबतो. सगळा सिनेमा त्या हातात होता.

दिवे लागले. पहिले गृहस्थ म्हणाले, "त्या काळी पागोटं असं बांधत नसत." त्यावर अर्धा तास गेला. मग कुणीतरी "निखळ मैत्रीचं सुंदर चित्रण" म्हणालं आणि सगळ्यांनी सुटकेने माना डोलावल्या. या दोघांचं एकमेकांवर प्रेम आहे, एवढं साधं वाक्य एकालाही बोलवेना. मी आतल्या आत धुमसत होतो. तेवढ्यात माइक माझ्याकडे आला. मी उठलो आणि म्हणालो, "पागोट्याचा रंग मात्र सुरेख होता."

शेजारी वसंत होता. वीस वर्षं आम्ही इथे शेजारी शेजारी बसतो. बाहेर स्कूटरपाशी आल्यावर त्याने माझा सुटलेला मफलर नीट गुंडाळला आणि त्याचा हात कानाशी थांबला.

"लोक बघतायत," मी खेकसलो.

खरं म्हणजे सगळे केव्हाच घरी गेले होते.