पाद्रींसाठी मागणं मागणाऱ्यांचा ड्रायव्हर

मामाची आठ सीटची व्हॅन आहे, आणि कॉलेज अर्ध्यावर सोडल्यापासून ती माझ्याच हातात असते. लग्नं, विमानतळ, शाळेच्या सहली, जे मिळेल ते भाडं. कॉलेज का सोडलं ते विचारू नका. सरांशी वाजलं, आणि अजूनही माझं म्हणणं हेच आहे की बरोबर मीच होतो.

फ्लाविया माझ्याच वर्गात होती. मी कॉलेज सोडलं, तिचा नाद सोडला नाही. तिला हे ठाऊक आहे, तिच्या आईला ठाऊक आहे, डिचोलीच्या बाजारात भाजीवाल्यांनाही ठाऊक असावं. मग एक दिवस कानावर आलं की फ्लाविया माद्र व्हायला निघालीय. माद्र म्हणजे तुमच्या भाषेत नन. त्याच आठवड्यात तिच्या आईचा, पियेदाद आंटीचा मामाला फोन: महिन्याच्या पहिल्या गुरुवारी गाडी हवी, डिचोली आणि पेडणे तालुका, सकाळ ते संध्याकाळ. नेहमीचा ड्रायव्हर आजारी आहे. मामा नाही म्हणणार होता. मी फोन हिसकावून घेतला.

मला तिला एकच विचारायचं होतं. जाणार की राहणार?

हे लोक काय करतात ते आधी सांगतो. आमच्या या दोन तालुक्यांत क्रिस्तांव, म्हणजे ख्रिश्चन, घरं थोडी. काही वाड्यांवर नुसता रस्त्याकडेचा खुरीस, म्हणजे क्रूस, असतो, पांढरा चुना लावलेला, आणि पाद्री कधीतरीच फिरकतो. पियेदाद आंटी, फ्लाविया, पूर्वी खाणीवर ट्रक चालवणारे कायतान अंकल आणि शिवणकाम करणाऱ्या दोघी बहिणी असे पाच जण महिन्यातून एकदा अशा ठिकाणी जाऊन प्रार्थना करतात. स्वतःसाठी काही मागत नाहीत. पाद्रींसाठी मागतात. आहेत ते चांगले राहोत, आणि नवे मिळोत.

सकाळी सातला निघालो. डिचोलीच्या बसस्टँडजवळ आधी भाजीपाव खाल्ला. पातळ भाजी, गरम उंडे, म्हणजे गोल पाव, आणि वर एक मिरची. तुम्ही आलात तर पावाची टोपली रिकामी व्हायच्या आत या, आठनंतर कालचे पाव मिळतात. माणशी शंभराच्या आत पोट भरतं. कायतान अंकल पुढे बसले आणि पहिल्याच वळणाला म्हणाले, "बाब, ट्रकात माती भरलेली असायची तरी मी याहून हळू वळवायचो. आज माणसं आहेत." (बोलणं सगळं कोंकणीत, तुमच्यासाठी बरंचसं मराठी करून लिहितोय.)

पहिला थांबा मये. तळ्याकडे जाणारा रस्ता आता चांगला आहे, दोन्ही बाजूंना झाडी, सकाळी पाण्यावर धुकं असतं. बोटी दहानंतर. गर्दी नको असेल तर हीच वेळ. तळ्यापासून थोडं आत एक खुरीस आहे, तिथे पाचही जण अर्धगोल करून उभे राहिले. मी गाडीला टेकून ऐकत होतो.

त्यांची पद्धत साधी. आळीपाळीने एकेक जण एक मागणं म्हणतो आणि बाकीचे उत्तर देतात, "सोमिया, आमचें मागणें आयक." म्हणजे प्रभू, आमचं मागणं ऐक. पण उत्तराचा सूर धरायचा तो पियेदाद आंटीने. तिचा आवाज खणखणीत. ती सुरू करते, मग बाकीचे मागून येतात. एकटे पडलेल्या पाद्रींसाठी. आजारी पाद्रींसाठी. मोहात सापडलेल्यांसाठी. दर वेळी आंटी, आणि तिच्यामागे चौघं. आणि शेवटचं मागणं नेहमीचं: "आमच्या घरांतल्यान पाद्री आनी माद्री दी."

गाडीकडे येताना कायतान अंकलनी डोळा मारला. "सगळे हेच मागतात, बाब. मनात म्हणतात, देवा, दे, पण शेजारच्या घरातून दे."

बहिणी खो खो हसल्या. आंटी हसली नाही.

बहिणी चहा ओतत होत्या तेवढ्यात मी फ्लावियाला तळ्याच्या कठड्याशी गाठलं आणि विचारलं. वळणं घेत विचारणं मला जमत नाही.

"जाणार?"

"जायचंय," ती म्हणाली. "पण मम्मीने हो म्हटल्याशिवाय नाही. तिला सांगून दोन महिने झाले. ती ना हो म्हणते, ना नाही म्हणते. नुसती भांडी घासते."

"आणि नाहीच म्हणाली तर?"

"तर राहीन. मी तिला एकटी टाकून रुसून जाणार नाही."

खोटं कशाला बोलू, मला इतका आनंद झाला की पुढे अस्नोड्यापर्यंत मी शीळ घालत होतो. आंटी हो म्हणणार नव्हती. आंटीचं तोंड बघून कोणीही सांगितलं असतं.

अस्नोडा, कोलवाळचा पूल आणि हमरस्ता धरून पेडण्याकडे. हमरस्ता रुंद झालाय, पण मध्येच वळवलेले रस्ते येतात, पाट्यांवर विसंबू नका. पेडण्याच्या अलीकडे एका वाडीवरच्या छोट्या कपेलात, म्हणजे चॅपेलात, थांबायचं होतं. दार बंद. अर्ध्या तासाने एक तरुण पाद्री मोटारसायकलवरून आला, आणि किल्ली काढायच्या आधी माझ्यावरच घसरला. "गाडी गेटासमोर कोणी लावली? इथे बाजार आहे?"

माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, "अर्धा तास तुमची वाट बघतोय, ते दिसलं नाही का?" आणखीही बोललो असतो, पण कायतान अंकलनी माझ्या शर्टाची कॉलर मागून धरली, मांजराला धरतात तशी. पाद्रीने कुलूप काढलं, किल्ली आंटीच्या हातात दिली आणि निघून गेला.

"असल्या माणसासाठी तुम्ही प्रार्थना करता?" मी विचारलं.

"मग कोणासाठी करायची?" आंटी म्हणाली. "गोड बोलणाऱ्याला आमची गरज काय? तीन वाड्या एकटा बघतो तो. जेवतो केव्हा, ते देवालाच ठाऊक."

आत फ्लावियाची पाळी आली. ती म्हणाली, "रागीट पाद्रींसाठी." सगळ्यांनी उत्तर दिलं. मग जरा थांबून, मान न वळवता ती म्हणाली, "आनी रागीट ड्रायव्हरांसाठी." उत्तर याआधी इतक्या जोरात मी ऐकलं नव्हतं. आंटीसुद्धा हसली. मी बाहेर जाऊन टायर तपासले. टायर ठीक होते.

जेवण पेडण्यात. खाणावळीत सुंगटांची, म्हणजे कोळंबीची, कडी आणि तळलेला बांगडा, वास असा की रस्ता ओलांडायच्या आधीच भूक लागावी. पण गुरुवार. आमच्या घरी गुरुवारी मासे चालत नाहीत. आंटीने माझ्या ताटाकडे पाहिलं, नुसती डाळ आणि भाजी, आणि म्हणाली, "गुरुवार तुमचोय आनी आमचोय. आम्ही खातो, तू राहतोस. देवाकडे जमाखर्च सारखा." मग आपल्या डब्यातलं चवळीचं तोणाक माझ्या भातावर ओतलं. नारळाच्या भाजलेल्या वाटपातलं. त्यासाठी पुन्हा पेडण्याला जाईन. डिझेल, नाश्ता, जेवण धरून माणशी पाचशेत दिवस आरामात निघतो.

शेवटचा थांबा इब्रामपूर. चांदेल, हसापूर करत आत जाणारा रस्ता अरुंद आहे. समोरून बस आली तर कोणीतरी मागे घ्यावंच लागतं. काजूच्या बागा, भाताची कापलेली शेतं, आणि मोबाईलला मध्येच महाराष्ट्राची रेंज. ओळखीच्या एका म्हातारीच्या अंगणात खुरीस आहे. तिने चणे उकडून ठेवले होते, खोबऱ्याच्या कातळ्या घालून. ऊन उतरत होतं. मी गाडी चिंचेखाली लावली आणि दिवसभरासारखाच बाजूला उभा राहिलो.

एकेक मागणं झालं. आंटी सूर धरत होती, बाकीचे मागून. शेवटचं मागणं फ्लावियाच्या वाट्याला आलं. तिने आईकडे पाहिलं आणि म्हणाली, "आमच्या घरांतल्यान..." मग थांबली, आणि पुन्हा म्हणाली, "म्हज्या घरांतल्यान, सोमिया."

आंटीने सूर धरला नाही.

बाकीचे तिच्यासाठी थांबले. सवयच तशी. कायतान अंकल जमिनीकडे बघत होते. बहिणींनी एकमेकींचा हात धरला. म्हातारी कुणाकडे बघावं ते न कळून चण्यांचं पातेलं हातात घेऊन उभी. फ्लावियाने डोळे मिटले नाहीत, मान खाली घातली नाही. ती आईकडे बघत राहिली, आणि तिची हनुवटी थरथरायला लागली.

मला हवं होतं ते हेच. आंटी गप्प राहिली की झालं. आणखी थोडा वेळ, मग कोणीतरी खोकणार, चणे वाटले जाणार, आणि फ्लाविया डिचोलीत राहणार.

"सोमिया, आमचें मागणें आयक."

हे मी म्हणालो. चिंचेखालून. मोठ्याने.

का म्हणालो, ते तेव्हा कळलं नाही, आताही धड सांगता येत नाही. तिचा चेहरा बघवेना एवढंच. सगळ्यांनी मागे वळून पाहिलं. मग कायतान अंकलनी म्हटलं, बहिणींनी म्हटलं. सगळ्यांच्या शेवटी, खणखणीत नाही, पार घोगऱ्या आवाजात, पियेदाद आंटीने म्हटलं. म्हणून झाल्यावर तिने लेकीचं तोंड दोन्ही हातांत धरलं आणि खूप वेळ सोडलं नाही.

परतताना दोडामार्गाकडून आलो. तो रस्ता वळणांचा पण सुंदर आहे, अंधार पडायच्या आत करा. या वेळी पुढे आंटी बसली होती. एका वळणावर म्हणाली, "तुका कोणें सांगिल्लें रे?"

"चुकून तोंडातून गेलं, आंटी."

"चुकून न्हय," ती म्हणाली. मग तिने डब्यातले उरलेले चणे माझ्या हाताशी सरकवले. डिचोलीत उतरताना फ्लाविया खिडकीशी आली. "देव बरें करूं, सर्वेश." आमच्याकडे आभार असेच मानतात. मी म्हटलं, "दार नीट लाव."

घरी येऊन गाडी धुतली. मामाने विचारलं, कसं झालं भाडं? चांगलं झालं म्हटलं. मग मोरीत जाऊन बादलीला लाथ घातली.

फ्लाविया गेली त्याला आता काही महिने झाले. तिला पोहोचवायला गाडी माझीच होती. माद्रींच्या घराच्या फाटकासमोर मी नीट, एका बाजूला लावली. पहिल्या गुरुवारी मी अजूनही निघतो. तिच्या सीटवर कायतान अंकल चण्यांचा डबा ठेवतात. पेडण्याचा तो पाद्री अजून तसाच खेकसतो आणि माझं डोकं अजून तसंच फिरतं, पण मागच्या वेळी मी त्याच्यासाठी गाडीत दोन उंडे आणि भाजी बांधून नेली होती. त्याने घेतली. आभार मानले नाहीत.

तर जायचं असेल तर जा. मये सकाळी, पेडणे दुपारी, इब्रामपूर उन्हं उतरताना. आणि कुणाच्या प्रार्थनेला बाजूला उभे राहणार असाल तर एवढं लक्षात असू द्या, दिवसभर ऐकलेलं तोंडात बसतं. आता तेच शेवटचं मागणं आलं की पियेदाद आंटी बरोबर सूर धरते, पूर्वीसारखी, खणखणीत. बाकीचे मागून येतात. मी तेवढं एक म्हणत नाही. माझं म्हणून झालंय.